पंधरा घोडे की पाच

४ जून

मोटर बुडाली!

होडी नाही, माणसं नाहीत, देवाची कृपा — फक्त मोटर. होडीच्या मागच्या फळीवरून सुटली आणि मारान्योनच्या भर पात्रात गेली, जिथला तळ कुणाच्या आज्यानेही पाहिलेला नाही. माणसं सुट्या फळ्यांनी आणि जेवणाच्या ताटल्यांनी पाणी मारत घरी आली. मी खांबांवरच्या आमच्या घराच्या शिडीवर उभी. मोटरीचा आवाज नाही, नुसती पाण्याची चुबूकचुबूक, आणि मग लिझार्दोचं हसणं. हा माणूस संकटातही हसतो. आमच्या लेकीचा धर्मबाप, म्हणून मी त्याची कोमाद्रे आणि माझा नवरा आर्तेमियो त्याचा कोम्पाद्रे; त्याला सगळं माफ.

"कोमाद्रे, काय सांगू! मी ओरडलो — कोम्पाद्रे, मोटर हलतेय, स्क्रू वाजतायत! हा आपला समोर बघतोय, देवळातल्या संतासारखा. परत ओरडलो. कोंबड्या घेऊन बसलेल्या त्या दोघी बायाही ओरडल्या. कोंबड्या ओरडल्या! मग एकदा खट्ट झालं, आणि मागे नुसते बुडबुडे."

आर्तेमियोने ओला शर्ट काढून वाळत घातला. मी विचारलं, "ऐकलं नाहीस का रे?" पाठमोराच राहिला. लिझार्दोने खांद्याला हात लावून तेच विचारलं तेव्हा म्हणाला, "ऐकलं की. वाटलं, घरापर्यंत टिकेल."

टिकेल! सव्वीस वर्षं मी बघतेय, हा माणूस प्रत्येक धक्क्यावर दोन्ही स्क्रू पिळून बघतो. मोटरीला बांधलेली दोरी कुजलीय, हेही मीच त्याला सांगितलं होतं. "हं" म्हणाला होता.

 अक्षर बघ कसं आलंय.

५ जून

दिवसभर जाळं विणत बसला.  मी शिवत बसले.

६ जून

मोटरीशिवाय चालणार नाही. नाउताला उतारू न्यायचे, मासे बाजारात पोचवायचे, हे वल्ह्याने करायचं त्याचं वय गेलं. नवी घ्यायचीच. पण कुठली?

इथेच लिहिते, कारण बाकी कुणाला माहीत नाही. मी जाणार आहे. इकितोसला, दोरिलाकडे. माझ्या बहिणीचं शिवणकामाचं दुकान आहे, खिडकीपाशी माझ्यासाठी एक मशीन तिने रिकामं ठेवलंय. भेटीला नाही — राहायला.

आर्तेमियोला सांगून झालंय. एप्रिलमध्येच, पाणी ओसरीच्या फळ्यांना टेकलं होतं तेव्हा. मच्छरदाणीत, दिवा मालवल्यावर. तो माझ्याकडे पाठ करून झोपला होता. बेडूक नुसते कल्लोळ करत होते. मी रडत होते, पण आवाज फुटू दिला नाही. म्हटलं, "पाणी उतरलं की मी दोरिलाकडे जाईन. परत येणार नाही बहुतेक. माझ्याच्याने आता होत नाही."

तो म्हणाला, "हं."

बस्स! का नाही, कधी नाही. भांडण तरी! मातीच्या भांड्याला तडा जातानाही आवाज होतो.

त्याने मला कधी मारलं नाही, दारू पिऊन कधी दार वाजवलं नाही. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांपुढे हा संतच. पण दोन वर्षं या घरात मी एकटीच बोलते. स्वयंपाकघरातून हाक मारते — उत्तर नाही. गंमत सांगते — हसू नाही. लेकीचा लिमाहून फोन आला, नात चालायला लागली म्हणून सांगितलं — "हं." माणसाशेजारी बसून एकटं असण्यापेक्षा एकटं असलेलं बरं.

तर मोटर. मला हलकी हवी. पाच घोड्यांच्या ताकदीची, एका माणसाला खांद्यावर टाकता येईल अशी. आमच्याकडे मोटर होडीत ठेवून कुणी झोपत नाही, सकाळी दिसायची नाही. रोज संध्याकाळी फळीवरून काढायची, आडव्या काठीला बांधायची, काठीचं एक टोक नवऱ्याच्या खांद्यावर, एक बायकोच्या, आणि घरात आणायची. आता ठीक आहे, पाणी शिडीच्या पायऱ्यांना लागलंय. पण ऑगस्टात हीच दरड ताडाएवढी उंच होते, आणि तीही चिखलाची. वरच्या वळणावरचा म्हातारा एलेउतेरियो — बायको गेल्यापासून होडीतच झोपतो, मोटरीला मिठी मारून, उशाला कोयता घेऊन. जड मोटर एकट्याने वर न्यायची कशी?

आर्तेमियोला मी तसा नाही बघू शकणार. जाणार आहे, पण तसा नाही.

८ जून

आज जेवताना विषय काढला. मासळीचं कालवण, उकडलेली हिरवी केळी. लिझार्दोही होता — जेवणाच्या वेळी तो असतोच.

मी अगदी समोर बसून म्हटलं, "पाच घोड्यांची घेऊ. पेट्रोल कमी पिते."

"पाच?" आर्तेमियोने केळं खाली ठेवलं. "पाच घोड्यांवर काय कोंबड्या नेऊ? पंधरा. पहिली होती तशीच."

"तुझं वय होतंय रे."

"माझं वय आणि मोटरीचं वजन यांचा काय संबंध?"

वजनाचं मी काढलंच नव्हतं! मी पेट्रोलचं बोलत होते. दचकलेच जरा.

लिझार्दो मध्ये पडला. "अरे, दोन्ही सोडा. लांब शेपटीचं ते पेके-पेके इंजिन घ्या माझ्यासारखं. चिखलात चालतं, गवतात चालतं, उन्हाळ्यात शेताला पाणी उपसतं. आणि आवाज असा की बायको काय बोलते ते ऐकावंच लागत नाही!"

मी हसले. खाली शिडीला लागलेल्या होडीतली माणसंसुद्धा हसली. आर्तेमियोही हसला — पण सगळ्यांच्या मागून. आधी आमच्या तोंडांकडे बघितलं, मग हसला.

"पंधरा," तो परत म्हणाला. एवढा हट्टी कधीच नव्हता. गेली कित्येक वर्षं त्याने कशाचाच हट्ट केला नाही. मी जाणार म्हटलं तर "हं", आणि मोटरीसाठी केळं खाली ठेवतो!

राग आला. खूप राग आला.

९ जून

दोरिलाचा निरोप: मशीनला तेल घातलंय.

१२ जून

काय लिहू! कसं लिहू!

आज लिझार्दोच्या होडीतून नाउताला गेलो, जाड्या तुलियोच्या पत्र्याच्या शेडमध्ये. जुन्या मोटरी घेतो, नीट करतो, विकतो. मी पाच घोड्यांची बघून ठेवली. नवी होती, छोटी, टाकी डोक्यावरच. आर्तेमियोने तिच्याकडे बघितलंही नाही. कोपऱ्यात पंधरा घोड्यांच्या दोन जुन्या मोटरी होत्या, तिकडे गेला.

आमच्या नदीवर जुनी मोटर कानाने घेतात. कापलेल्या पिंपात पाणी भरायचं, मोटर काठावर टांगायची, दोरी ओढून सुरू करायची आणि जाणत्या माणसाने ऐकायचं. तो म्हणेल ते खरं. आणि जाणता माणूस म्हणजे आर्तेमियो मुरायारी! त्याला लोक लांबून न्यायचे. एक कोंबडी द्यायचे ऐकण्याबद्दल. ओसरीवर बसून तो सांगायचा, दोन वळणांपलीकडे कुणाची होडी आहे, आणि तिचा प्लग काळा पडलाय की नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, मी मनात बोलते तेही याला ऐकू येतं.

म्हणून आज गर्दी जमली. स्वतःसाठी आर्तेमियो कुठली घेतो, बघायला. हमाल आले, समोरची केळीवाली आली.

तुलियोने पहिली सुरू केली. आर्तेमियोने डोळे मिटले, तळवा मोटरीच्या टोपावर ठेवला, मान तिरकी केली. अगदी पूर्वीसारखी. आणि त्या मोटरीच्या आत — मला, शिवणाऱ्या बाईला कळत होतं — काहीतरी वाजत होतं. खडखड, खडखड. पातेल्यात चमचा राहून गेल्यासारखं. केळीवालीनेही तोंड वाकडं केलं.

आर्तेमियोने डोळे उघडले. "निरोगी आहे," म्हणाला. "कोवळी आहे अजून. मांजरीसारखी."

हमालांनी एकमेकांकडे बघितलं.

लिझार्दो म्हणाला, "कोम्पाद्रे, थट्टा पुरे."

तुलियोच घाम पुसत म्हणाला, "आर्तेमियोदादा, मी सांगणारच होतो तुम्हाला. हिच्या आत जरा वाजतंय…"

आर्तेमियोने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. तुलियोच्या ओठांकडे बघितलं. आणि मग एकदम मोठ्याने हसला. "अरे, बघत होतो, जाड्या! खरं बोलतोस की नाही ते बघत होतो!"

काय हशा पिकला! हमालांनी टाळ्या दिल्या. "मुरायारीला कोण फसवणार!" तुलियो पाया पडायचा बाकी राहिला.

मी हसले नाही. मी त्याचे डोळे बघितले होते — हसण्याच्या आधीचे. भर बाजारात हात सुटलेल्या मुलाचे असतात तसे.

 केळीवालीच्या ओट्यावर बसून राहिले.

१३ जून

सकाळी तो ओसरीवर वल्हं तासत होता. मी मागून गेले, अगदी डाव्या खांद्यापाशी. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "म्हाताऱ्या, पाठीवर कोळी आहे. मोठा, केसाळ."

तासतच राहिला.

"मानेवर चढतोय!"

तासतच राहिला! बारीक शीळ घालत, बेसूर.

उजवीकडे जाऊन मोठ्याने म्हटलं तेव्हा वळला. "काय? कोळंबी? कुठून आणलीस?"

मी स्वयंपाकघरात पळाले. तोंडात टॉवेल कोंबला. रडत होते की हसत होते, माझं मला कळलं नाही.

१४ जून

कपडे धुताना, शिवताना, मासे साफ करताना — एकेक आठवतंय, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं होतंय.

बाकावर तो कायम डाव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळे त्याच्या उजवीकडे येतात. स्वयंपाकघरातून मारलेल्या माझ्या हाका! मला वाटायचं, घुम्या झालाय. मन उडालंय. होडीत तो मोटरीचा दांडा डाव्या हाताने धरतो — म्हणजे ती रोज त्याच डाव्या कानात ओरडत आलीय, सगळं आयुष्य. मागच्या महिन्यात धुक्यात मोठ्या लाँचने केवढा भोंगा वाजवला, मी घरात ऐकला! हा तिच्यासमोरून गेला. लाट बसली तेव्हा वळला म्हणे. लोक म्हणाले, मुरायारीची छाती बघा. छाती!

कुजलेली दोरी. नातीचं चालणं. "हं." "हं." "हं." ते उत्तर नव्हतंच. ऐकू न आलेल्या माणसाने दाराला लावलेली कडी होती ती.

आणि मग —

पाट्यावर मिरची वाटत होते. हात तिथेच थांबला.

एप्रिलमधली ती रात्र! मी हळू बोलले होते. तो पाठमोरा. बेडकांचा कल्लोळ.

त्याला माहीतच नाही!

मी जाणार आहे हे त्याला माहीतच नाही. मी कोंबड्या शेजारी वाटून टाकल्या, हिवाळी चादर दोरिलाकडे पाठवली, आणि तो काहीच म्हणत नाही म्हणून रोज थोडीथोडी मेले — आणि त्याला काही माहीतच नाही! भिंतीला सांगून आले मी. नवऱ्याला सोडून चालले होते, आणि तो घरात नव्हताच, असंच ना?

मिरचीचा हात डोळ्याला लागला. आता रडायला कारण झालं.

१७ जून

आज धरलं त्याला. कपडे धुण्याच्या तराफ्यावर, भर उन्हात. दोन्ही हातांनी तोंड धरलं त्याचं, माझ्याकडे वळवलं. म्हटलं, "तुला ऐकू येत नाही."

वाटलं, नाही म्हणेल. चिडेल. त्याने इकडेतिकडे बघितलं, जवळ कुणी होडी आहे का ते. मग म्हणाला, "डावा गेला. पूर्ण. उजव्यात थोडं येतं, पण त्यात मोटर चालू असते."

"कुठली मोटर?"

"कुठलीच नाही. बंद असली तरी चालू असते. झोपेतही."

मी त्याच्या कानावर हात ठेवला. वेडेपणा! हाताने काय थांबणार?

"कुणाला सांगू नकोस," म्हणाला. "बहिऱ्याच्या होडीत कोण बसेल?"

"मी बसले असते ना! मला का नाही सांगितलंस?"

पाण्याकडे बघत म्हणाला, "तू बोलायचीस, अर्धं कळायचं. परत परत विचारलं की तुझा चेहरा पडायचा. 'हं' म्हटलं की तू गप्प बसायचीस. मग… सोपं गेलं."

सोपं! साबणाचा गोळा फेकला मी. नदीत गेला. दोघं त्याच्याकडे बघत बसलो, वाहत जाताना. मग तो म्हणाला, "एवढं ऐकू आलं. डुबुक झालं ते." आणि मला हसू आलं! दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला हसवलं.

त्या रात्रीचं मी काढलं नाही. त्याने ऐकलं नसेल तर ते बोललंच गेलं नाही. असं होतं का जगात कधी कुणाचं? शब्द तोंडातून निघाला आणि तरी परत घेता आला?

२० जून

गावच्या पाण्याच्या टाकीच्या मचाणावर चढले, तिथेच फोन लागतो. दोरिलाला सांगितलं, येत नाही.

"काय झालं?" ती ओरडली. "या वयात पोटुशी आहेस की काय?"

"नाही गं."

"मग त्याने हातपाय धरले?"

"तेही नाही."

"नेलिदा, दोन वर्षं तू मला फोन करून रडतेस की तो बोलत नाही. आता बोलायला लागला का?"

"मी बोलायला लागले," म्हटलं. "उजवीकडून."

"ताप आहे तुला," म्हणाली आणि फोन आपटला. दुपारी परत चढले, तेव्हा तिचाच फोन आला. मशीनवर दुसरी बाई घेऊ का, विचारलं. घे म्हटलं. छातीत एक कळ उठली. ते खिडकीतलं मशीन मी किती वेळा मनात चालवलं होतं! खोटं कशाला लिहू. गेली ती कळ. पूर्ण नाही गेली.

२२ जून

परत तुलियोकडे. या वेळी आम्ही दोघंच, लिझार्दोची होडी मागून, सकाळी लवकर, गर्दी नसताना. दुसरी पंधरा घोड्यांची मोटर पिंपाला टांगली. तुलियोला मी लिंबूपाणी आणायला पिटाळलं.

आर्तेमियोने हात टोपावर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू ऐक. मला सांग."

"मला काय कळतंय?"

"कळायचं नाही. सांगायचं. कशासारखं वाजतंय?"

मी कान दिला. "पत्र्यावर पाऊस पडतो तसं."

"पातळ पत्रा की जाड?"

"जाड."

"मध्येच थांबतो का पाऊस?"

"नाही. एकसारखा."

"आता मी दांडा पिळतो. बघ, पाऊस वाढतो की शिंकतो."

"शिंकला! एकदाच. मग वाढला."

"थंड आहे म्हणून शिंकली. चालेल." त्याचा चेहरा काय फुलला होता! मला त्याच्या ओठांकडे बघायला लाज वाटायला लागली, या वयात. तो माझ्या ओठांकडे बघत होता म्हणून.

मोटरीचा पाण्यात जाणारा पाय आखूड आहे का ते त्याने वीत लावून बघितलं. आमची मागची फळी बुटकी, लांब पायाची मोटर उन्हाळ्यात चिखल नांगरत जाईल. आखूडच होती.

मी त्याच्या उजव्या कानाशी म्हटलं, "हीच घेऊ. पंधरा घोड्यांची."

तो थांबला. "नक्की? तुला तर पाच हवे होते."

"नक्की."

"पाणी उतरलं की दोघांनी वाहायला लागेल, वर."

"मग आजवर कोण वाहत होतं?"

तो बघत राहिला. "हं" म्हणाला नाही.  ऐकलं की नाही, म्हणून मी परत सांगितलं, "दोघं वाहू." मान हलवली त्याने. तुलियोला म्हणाला, ठेव बाजूला, आठवड्यात नेतो.

येताना मी होडीत पुढच्या टोकाला त्याच्याकडे तोंड करून बसले. उजवा हात वर — उजवीकडून होडी येतेय. डावा — डावीकडून. दोन्ही — थांब! उतारूंना सांगू, बायकोला उलटं बसल्याशिवाय मळमळतं.

त्याला म्हटलं, "आता मी तुझा कान."

हसला. पण डोळे नाही हसले. उन्हामुळे असेल.

२४ जून

सान हुआनचा सण. पानात बांधलेले भाताचे मुटके दोन टोपल्या केले. सगळं गाव नदीत उतरलं. लिझार्दोने मला पाण्यात ढकललं, मी त्याला! आर्तेमियो काठावर बसून मला बघत होता. सबंध वेळ. जशी मी लग्नातली कुणी पाहुणी आहे आणि संध्याकाळच्या होडीने परत जाणार आहे.

२७ जून

पाणी भराभर उतरतंय. शिडीच्या खालच्या चार पायऱ्या उघड्या पडल्या, त्यांच्याखाली ओला चिखल. आर्तेमियोने आज दरडीत पावलं कोरली. मी मदतीला गेले, तर म्हणाला, "राहू दे, मी करतो."

रात्री उजवीकडे झोपले. जागा बदलली आम्ही. चांगलं वाटलं. त्याला काहीतरी सांगत होते, मध्येच थांबवून म्हणाला, "तुझी ती हिवाळी चादर कुठे गेली?"

 म्हटलं, "दोरिलाकडे. तिला थंडी वाजते."

इकितोसमध्ये थंडी! माझ्या तोंडाला हे काय सुचलं! पण त्याने पुढे विचारलं नाही.

२८ जून

लिझार्दोबरोबर मोटर आणायला गेला. मी येते म्हटलं, तर "नको, तू थांब." घराखालची जागा झाडून ठेवली, नवी काठी तासून ठेवली. कशातच लक्ष नाही. नदीवर कुठलीही मोटर वाजली की ओसरीवर येते. बघते, जाड पत्र्यावरचा पाऊस आहे का. नाही.

२९ जून

आला. एकटा चढला दरड, स्वतः कोरलेल्या पावलांवरून. खांद्यावर मोटर — पाच घोड्यांची! ती नवी, छोटी.

मला वाटलं, तुलियोने फसवलं. उजव्या कानात ओरडले, "ही कशी? आपली कुठे?"

त्याने मोटर खाली ठेवली, दम खाल्ला. "ही मला एकट्याला उचलवते," म्हणाला. "पाणी उतरलं. दोरिला वाट बघत असेल."

 "तू… ऐकलं होतंस?"

"तू रडत होतीस. फळ्या हलत होत्या. म्हणून चांगला कान उशीवरून उचलून धरला होता." मग म्हणाला, "सगळं ऐकलं. बहिऱ्याची कीव करून राहू नकोस, म्हातारे."

आणि होडी बांधायला खाली गेला.

महिनाभर हा माणूस दोघांनी उचलायची मोटर मागत होता — आणि मी त्याच्यापुढे घोडे मोजत बसले होते!